तानाबाईची ओवी

"निशे, माझा आवाज घे, फोटो घे, काय पायजे ते घे. पण तानीचं नाव गाळलंस तर माझ्याशी गाठ हाय!"

"अंबाबाईची शपथ, आज्जी," फौंड्रीच्या कार्यक्रमासाठी जुन्या बायांच्या आठवणी गोळा करणारी निशिगंधा म्हणाली होती. आता कोल्हापुरात राहून अंबाबाईची शपथ कोण खोटी घेईल? झुंबरबाईनं नातीवर डोळे झाकून विश्वास ठेवला.

एकाहत्तरच्या लढाईत उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत बॉम्बच्या खोळी ओतायचे. खोळ आतनं पोकळ राहायची तर वाळूत काकवी कालवून तिचे कोर, म्हणजे साच्यात मधे ठेवायचे गोळे, थापायला लागतात, आणि ते काम बायकांचं. हातानं थापायचं, भट्टीत भाजायचं, तोंडानं ओव्या म्हणायच्या. एके दिवशी भट्टीचं दार निसटलं आणि तानाबाई जागच्या जागी भाजून मेली. विधवा बाई, मागं विचारणारं कोण? मालकानं तिला परस्पर माती दिली आणि उठवलं काय, तर बाई कुणाचा तरी हात धरून पळाली! बायांना दम भरला, की तोंड उघडाल तर उद्यापासनं घरी बसा. मग झुंबरबाईनं आणि बाकीच्या बायांनी कोर थापता थापता ओवी रचली.

वाळूच्या कोरामंदी काकवीचा गं गोडवा
तानाबाईचा जीव गेला, सयांनो गं आठवा

तानाबाईची पोर आक्काताई मुरगूडला मामाकडं 'पळालेलीची पोर' म्हणून वाढली. मामानं फौंड्रीतल्या एकाही बाईला कधी उंबरा चढू दिला नाही. तो गेल्यावर झुंबरबाई तिला भेटायला गेली, तेव्हा आक्काताईचे केस पिकले होते. सगळं ऐकून ती म्हणाली, "घरात बसून कुणीबी कायबी सांगंल, मावशी. चारचौघांत माझ्या आईचं नाव येऊ दे, मग मानते."

म्हणून तर झुंबरबाई तिला त्याच फौंड्रीच्या कार्यक्रमाला घेऊन आली आणि पहिल्या रांगेत बसली. निशिगंधानं गोळा केलेल्या आठवणी पडद्यावर आल्या. लढाई आली, काकवी आली, झुंबरबाईचं बोळकं तोंड हसताना आलं. मग नऊवारीतल्या पोरींनी ओवी धरली.

वाळूच्या कोरामंदी काकवीचा गं गोडवा
माईसाहेबांनी जीव लावला, सयांनो गं आठवा

माईसाहेब म्हणजे आत्ताच्या मालकाची आई. त्या बाईनं जन्मात कोरची खोली बघितली नव्हती! टाळ्यांचा कडकडाट झाला. झुंबरबाईच्या अंगाची लाही लाही झाली.

"आगं ए भवाने, हे काय केलंस?"

निशिगंधा धावत खाली आली. "आज्जी, हळू. ते नाव घेतलं तर मालक कार्यक्रमच करू देत न्हवते. तुझी गोष्ट तरी राहिली की!"

"तानी न्हाय त्यात, मग माझी कसली गं? माझ्याच रक्तानं गळा कापला माझा!"

झुंबरबाई तिथंच उभी राहून फाटक्या आवाजात खरी ओवी म्हणायला लागली. लोक जेवणाच्या पंगतीकडं वळले होते. कुणी हसलं, कुणी म्हातारीला वाट करून दिली. ऐकायला एकटी आक्काताई होती, आणि ती पिशवी काखेला मारून उठली.

"आता तू एकटीच म्हणतीस, मावशी. इतक्या पोरी मगाशी म्हणल्या, ते सगळ्यांनी ऐकलं."

"आक्के, ते खोटं हाय गं! देवाशपथ!"

"शपथ नगं. म्हंजे मामा म्हणायचा तेच खरं. पळूनच गेलती ती."