न धुतलेला कुडता

भुऱ्या माझा कुत्रा. आमचा नव्हे, माझा. माझा नवरा अजित एका बियाण्यांच्या कंपनीत फिरतीवर असतो, घरी पाहुण्यासारखा येतो, तेव्हा त्या पिल्लाला बाटलीने दूध पाजून मोठं केलं ते मी एकटीने, आणि त्यानेही दुसऱ्या कुणाच्या हातचा तुकडा कधी तोंडात घेतला नाही. शेजारच्या बायका बिस्किटं दाखवून त्याला बोलवत आणि तो ढिम्म माझ्याकडे बघत बसे, तेव्हा मला जे सुख होई ते सोन्याच्या पाटल्या घालूनही झालं नसतं.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बारामतीहून साताऱ्याला माझ्या खेपा सुरू झाल्या. नवा गुडघा आणि अंगावर उड्या मारणारा कुत्रा एका घरात ठेवता येत नाही, म्हणून मी भुऱ्याची सोय शोधायला लागले. एका ठिकाणी एसीची खोली होती, कॅमेरा होता, दर ऐकून अजित म्हणाला, "एवढ्यात आपण दोघं महाबळेश्वरला राहून येऊ, अनिता." दुसरीकडे स्वस्त होतं, पण पिंजऱ्यावर पिंजरा रचलेला, आणि फिरवण्याचे, अंघोळीचे पैसे निराळे. शेवटी जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने निरवांगीच्या रतनचं नाव सुचवलं. डाळिंबाच्या बागेत घर, कुत्री मोकळी, घरचं दूध-भाकरी, आणि दर आमच्या खिशाला झेपेल असा. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, असंच मला वाटलं.

रतन माझ्याच वयाची, माझ्याच उंचीची, कमी बोलणारी बाई होती. मी नेलेलं अंथरूण, वाटी, चेंडू तिने बाजूला सारलं.

"ह्यातलं काय लागत न्हाय, ताई. तुमच्या अंगातला एक कुडता द्या. धुतलेला नगं. वास ऱ्हायला की जनावर ऱ्हातंय."

मला ते शहाणपणाचं वाटलं. पुढच्या खेपेपासून मी आदल्या दिवशी घातलेला कुडता पिशवीत घालून न्यायला लागले. दर वेळी नवा, कारण आधीच्याचा वास, ती म्हणायची, सरतो.

भुऱ्या अंगाने भरला, त्याचे केस चमकायला लागले. मी तिचे आभार मानले आणि त्याच रात्री मला तिचा राग आला. घरी आला की तो माझा हात हुंगायचा, थोडं थांबून पुन्हा हुंगायचा आणि दाराशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसायचा. मी त्याला मटण शिजवून घातलं. त्याने खाल्लं, पण लग्नघरी अनोळखी पंगतीत बसलेला माणूस खातो तसं, मान खाली घालून. मी जळत होते. सवतीवर बाई जळते तशी जळत होते, आणि सवत महिन्याच्या हिशेबात बसत होती म्हणून मीच तिला पोसत होते.

एकदा साताऱ्याहून मी तिला व्हिडिओ कॉल लावला. तिने माझा निळा कुडता घातला होता.

"तुम्ही तो अंगात घालता?"

"मग? नुसता टाकून उपेग न्हाय. कापडाला अंग लागतं, ताई."

मी फोनमधूनच नेहमीसारखी हाक मारली, "भुऱ्या, ए सोन्या!" तिच्या पायाशी झोपलेल्या भुऱ्याने कान टवकारले, शेपूट हलवली आणि मान वर करून रतनच्या तोंडाकडे पाहिलं. रतनचे ओठ मिटलेलेच होते.

त्यानंतर घरी आले तर अजित म्हणाला, "तू साबण बदललास का? तुझा म्हणून काही वासच येत नाही." तो हसत होता. मी न्हाणीघरात जाऊन स्वतःचे हात हुंगले, दंड हुंगले. पाण्याचा वास आला, बाकी काही नाही.

मी ठरवलं, पुरे झालं. आईला साताऱ्याला बाई लावायची, खर्च होवो, पण कुत्रा परत आणायचा. भर दुपारी कळंब ओलांडून निरवांगीला पोहोचले. भुऱ्या फाटकाशी धावत आला, गजांतून नाक काढून मला हुंगलं आणि त्याचे मानेवरचे केस उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यावर गुरगुरला. दात दिसत होते. मी तिथेच रडले.

रतन माझा पिवळा कुडता घालून बाहेर आली. तिला वाईट वाटलेलं दिसलं, ते खोटं नव्हतं. ती आत गेली, साडी नेसून आली आणि कुडता माझ्या हातात दिला. तो तिच्या घामाने ओला होता.

"ह्यो घाला वरनं. मग बगा."

मी घातला. भुऱ्या आला. नुसता आला नाही, अंगावर झेपावला, माझं तोंड चाटलं, कुं कुं करत माझ्या काखेत नाक खुपसलं. इतकं प्रेम त्याने पिल्लू असतानाही केलं नव्हतं. सगळा रस्ता त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी जिंकले होते.

अजित ओसरीवर उभा होता. रतनला त्याने कधी पाहिलं नव्हतं, फक्त फोनवर बोलला होता. मला पाहून तो अदबीने बाजूला झाला.

"या रतनताई, बसा. अनिता नाही आली बरोबर?"

मला वाटलं, थट्टा करतोय. पण तो आत जाऊन पाहुण्यांसाठीचा काचेचा ग्लास भरून घेऊन आला आणि माझ्या उत्तराची वाट पाहत थांबला. मी घाईने कुडता काढायला हात वर नेले. पायाशी बसलेला भुऱ्या उठला. घशातून हळू, खोल गुरगुर आली.

मी हात खाली घेतले. तो पुन्हा बसला आणि माझी पावलं चाटायला लागला.

"न्हाय," मी म्हणाले. "त्या मागनं येत्यात."