न मिटणारी लाजाळू

त्या रविवारी आमच्या काचघरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. एरवी उद्यानमित्र मंडळाच्या कार्यक्रमाला माणसं जमवायची म्हणजे फोन करकरून गळ घालावी लागते. खत बनवायला शिका, पक्षी ओळखा, रोपांची अदलाबदल करा, काहीही ठेवा, येणार तीच ठरलेली डोकी, आणि त्यातली निम्मी चहासाठी. आज मात्र लोक नेच्यांच्या वाफ्यात पाय रोवून उभे होते. मी बाजूला व्हा, बाजूला व्हा म्हणून घसा कोरडा केला, पण ऐकतो कोण.

पुढे टेबलामागे पर्णगुरू बसले होते. हिरवा झगा, हिरवी टोपी, बोटात हिरवा खडा. दात तेवढे पांढरे. समोर दोन कुंड्या, दोन्ही हिरव्या मखमलीत गुंडाळलेल्या, दोन्हींत लाजाळूचं रोप.

"लोक हिला लाजाळू म्हणतात," गुरू म्हणाले. "अहो, झाड कशाला लाजेल? त्याने काय कुणाचं उसनं बुडवलंय? झाड मिटतं ते तुमच्या रोगाला भिऊन. डॉक्टरच्या यंत्राला वीज लागते. माझ्या झाडाला फक्त तुमचं एक बोट लागतं. मात्र कुंडीला हात लावायचा नाही. मुळं ध्यानात आहेत."

मुळं ध्यानात! आणि यावर शिकलीसवरलेली माणसं माना डोलवत होती. आमचे अध्यक्ष, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेला माणूस, तेही डोलवत होते. गुरूंना त्यांनीच बोलावलं होतं आणि अवजारांची खोली त्यांना साधनेसाठी मोकळी करून दिली होती. खुरपी आणि फावडी तीन आठवडे उघड्यावर.

पद्धत अशी. रोग्याने पहिल्या कुंडीतल्या पानाला बोट लावायचं. पान मिटायचंच, ते डास बसला तरी मिटतं. मग गुरूंचं हिरवं पाणी काही दिवस प्यायचं आणि पुन्हा येऊन दुसऱ्या कुंडीतल्या पानाला बोट लावायचं. ते मिटलं नाही की रोग गेला, गोळ्या बंद.

दुसऱ्या कुंडीपाशी त्या दिवशी माझी धाकटी बहीण उभी राहिली.

तिला शाळेत असल्यापासून फिट येतात. येतात म्हणजे यायच्या. रोजच्या गोळ्यांनी कित्येक वर्षं एकही आली नव्हती. मंडळात ती माझ्या आधीपासून आहे. बागेतल्या झाडांच्या नावाच्या झाडून सगळ्या पाट्या तिच्या हातच्या, अक्षर असं की लोक झाड सोडून पाटीचा फोटो काढतात. पण तिचा जीव शिडीत अडकलेला. फिटचा त्रास असलेल्याने शिडीवर चढायचं नाही, करवत धरायची नाही, कमळांच्या टाकीपाशी एकट्याने जायचं नाही, हा मंडळाचा नियम. तो मीच केला होता आणि आजही तोच करीन.

तिने बोट लावलं. पान मिटलं नाही. तिने पुन्हा लावलं, सगळ्या फांदीवरून बोट फिरवलं. पान आपलं उघडंच. लोकांनी टाळ्यांचा गजर केला. तिने वळून गर्दीत मला शोधलं. रडतही होती, हसतही होती.

"ताई," ती म्हणाली, "शिडी."

लाजाळू का मिटली नाही ते मला त्या क्षणी सांगता आलं नाही. मी दाराजवळ होते आणि माझी मती गुंग झाली होती. पण मला कारण सांगता येत नाही म्हणजे लगेच चमत्कार झाला, असं होत नाही. पोरांना जन्मभर जीवशास्त्र शिकवताना मी हेच सांगत आले.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले तर औषधाचा डबा धुऊन पालथा घातलेला.

"गोळ्या कुठे आहेत?"

"टाकल्या."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का? अगं, फिट येत नाहीत त्या गोळ्यांमुळे येत नाहीत."

"सगळ्यांसमोर झाडाने सांगितलं ना? तू स्वतः पाहिलंस." मग ती हळूच म्हणाली, "तुला मी आजारीच बरी वाटते, ताई. लक्ष ठेवायला कुणीतरी लागतं तुला."

हे मला फार लागलं. मी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. मेहुणे घड्याळजी आहेत. त्या वेळीही डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते.

"राहू दे हो ताई," ते म्हणाले. "किती वर्षांनी अशी हसलीय ती." भिंगाआडून त्यांचा डोळा ओला झालेला मला दिसला. भोळ्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून मी चपला घातल्या आणि घरी आले.

पुढच्या श्रमदानाच्या दिवशी अध्यक्षांनी मला न विचारता समारंभाने तिच्या हाती शिडी दिली, फोटोसुद्धा काढला. कमळांच्या टाकीवरच्या मांडवाच्या वेली छाटायच्या होत्या. मी रोपवाटिकेत होते. किंकाळी ऐकून धावले तेव्हा शिडी आडवी पडली होती आणि माळी छातीभर पाण्यात उतरून तिला वर काढत होता. टाकीच्या दगडी काठावर तिचं डोकं आपटलं होतं. तिचे हातपाय पाण्यातसुद्धा झटके देत होते.

दवाखान्यात झटके थांबेचनात. एक ओसरतो न ओसरतो तोच दुसरा. डॉक्टरीणबाईंनी शिरेतून औषध सुरू केलं आणि विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत? कुणी बंद करायला सांगितल्या?"

मेहुण्यांनी सांगितलं. बाई नुसतं लिहीत राहिल्या.

तासाभराने मेहुणे बाहेरून गुरूंशी फोनवर बोलून आले. चेहरा पांढराफटक. "गुरू म्हणतात, हे शेवटचं विष बाहेर पडतंय. इथलं औषध त्याला आत कोंडतंय. तिला घरी न्या आणि हिरवं पाणी द्या. मी सही करून नेतो तिला."

"नेलंत तर ती मरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"झाडाने कौल दिलाय, बाई. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय."

सही नवऱ्याची चालते. बहिणीला कोण विचारतो. मी ओरडले, हात जोडले, तुमच्या पाया पडते म्हणाले. ते दोन्ही हातांनी कान झाकून उभे.

एवढ्यात नर्सने माझ्या हातात बर्फाची पिशवी दिली आणि धाकटीच्या कपाळावर धरायला सांगितली. जरा वेळाने हात भरून आला म्हणून मी ती स्टीलच्या टेबलावर ठेवली. परत उचलली तर खाली पाण्याचं ओलं वर्तुळ. पिशवी फुटली नव्हती. गार वस्तूला उकाड्यात घाम फुटतो, तेवढंच. त्या वर्तुळाकडे बघताना मला गुरूंची दुसरी कुंडी आठवली. लोक पांगल्यावर टेबल मीच पुसलं होतं. तिच्या मखमलीखाली असंच वर्तुळ होतं, आणि मी समजले, पाणी घातलं असेल.

आमच्या मंडळाचं एक स्पर्शाचं टेबल असतं. अंध मुलांच्या शाळेला आम्ही दर महिन्याला बोलावतो. खरखरीत पानं, लव असलेली पानं, वासाची पानं, आणि सगळ्यांची लाडकी लाजाळू. हिवाळ्यात सकाळी ती मिटतच नाही. "बाई, ही झोपेत आहे," मुलं कुरकुरतात. म्हणून थंडीच्या दिवसांत मुलं यायच्या आधी त्या कुंड्या शेगडीपाशी ठेवून उबवायच्या, हे काम माझं. वर्षानुवर्षं माझं. आणि ऐन उन्हाळ्यातल्या काचघरात न मिटणारी लाजाळू पाहून मी खुळ्यासारखी दाराशी उभी राहिले होते.

"सही करा," मी मेहुण्यांना म्हणाले. "पण आधी माझ्याबरोबर चला. गुरू आत्ता काचघरातच बसलेत. बंद पडलेलं घड्याळ तुम्ही नुसतं काट्याकडे बघून दुरुस्त करता का? मागचं झाकण उघडता ना? मग हेही एकदा उघडा. आत काही नसलं तर तिला उचलायला पहिला हात माझा."

ते आले. त्यांच्या धंद्याची आण घातल्यासारखं झालं बहुतेक.

काचघरात रांग लागलेली होती. एक आजोबा हृदयाच्या गोळ्यांची पुडी हातात घेऊन दुसऱ्या कुंडीपाशी पोचले होते. मेहुणे थेट टेबलाशी गेले.

"कुंडीला हात लावू नका, ध्यान मोडेल," गुरू म्हणाले.

घड्याळजीची बोटं ती. मखमल केव्हा सुटली ते कुणाला कळलंही नाही. त्यांनी कुंडी दोन्ही हातांत धरली.

"ताई," ते म्हणाले, "ही बर्फासारखी गार आहे."

मी ती घेतली आणि खिडकीशी उन्हात ठेवली. "कुणी जाऊ नका," मी लोकांना सांगितलं. "तीन आठवडे यांचं ऐकलंत, आता थोडा वेळ माझं ऐका. या पानाच्या देठाशी एक बारीक गाठ असते, पाण्याने फुगलेली. बोट लागलं की पाणी तिथून सरकतं आणि पान मिटून खाली झुकतं. थंडीने झाड गारठलं की पाणी सरकत नाही. बस, एवढंच आहे. याला ना रोग कळतो, ना माणूस कळतो."

"या बाईंच्या अंगात मत्सर आहे," गुरू म्हणाले.

"असेल. उन्हात ठेवा मला."

आम्ही थांबलो. मेहुणे कुंडीशी उकिडवे बसले होते, भिंग लावून बसतात तसे. बऱ्याच वेळाने त्यांनी एका पानाला बोट लावलं. पान हळूच मिटलं. दुसऱ्याला लावलं, तेही मिटलं. मग ते एकेक करत त्या फांदीच्या पानांना हात लावत सुटले, थांबेनातच. शेवटी मी त्यांचा हात धरला.

"आता गुरूंनी लावावं," आजोबा म्हणाले. "त्यांना तर काही रोग नाही."

दुसऱ्या फांदीवर गुरूंचं बोट लोकांनीच धरून लावलं, आणि पान मिटलं. अवजारांच्या खोलीत थर्माकोलची पेटी सापडली. खाली बर्फाच्या पिशव्या, वर काच. अंधारात लाजाळू आपोआप मिटते, म्हणून काच. सगळा अभ्यास करून बसला होता तो. हेच डोकं जरा बऱ्या कामाला लावलं असतं तर.

अध्यक्ष घाम पुसत होते. आणि एक बाई मला विचारत होत्या, "ही कुंडी खोटी असेल, पण पाण्याचा गुण येतो ना हो?" गुरू त्या गडबडीत मागच्या फाटकाने गेले ते गेलेच. ऐकते की दुसऱ्या गावी दुसरं काहीतरी मांडलंय.

मेहुण्यांनी घरी नेण्याची सही केली नाही. औषध चालू राहिलं, झटके थांबले, धाकटी वाचली. पण इतका वेळ चाललेल्या झटक्यांनी आणि पाण्याखाली अडलेल्या श्वासाने मेंदूला जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. "पूर्वीसारख्या होणार नाहीत," डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं.

आता माझ्या स्पर्शाच्या टेबलावर लाजाळूच्या दोन कुंड्या असतात. एक उन्हातली, एक बर्फातली. येणाऱ्या प्रत्येकाला मी दोन्ही पानांना बोट लावायला लावते आणि मग सांगते, आता कुंडीला हात लावा. तुम्हाला कुणी काही अद्भुत दाखवलं तर जरूर बघा, पण जिथे हात लावायला मनाई आहे तिथेच पहिल्यांदा हात लावा. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका, मग सांगणारा झाड असो, गुरू असो की तुमची सख्खी बहीण असो.

धाकटी माझ्या शेजारी खुर्चीत बसते. मेहुणे तिच्या हातात ब्रश देतात, पाटी धरून ठेवतात. पहिलं अक्षर येतं, दुसरं येईपर्यंत पहिलं कुठलं होतं ते ती विसरते. फक्त एक गोष्ट विसरलेली नाही. दर रविवारी मांडवाकडे बघत ती माझा पदर ओढते.

"ताई, आता मी बरी झाले ना? चढू शिडीवर?"

"आज नको गं," मी म्हणते, आणि तिचा हात धरून ठेवते.