गप्पांचा रकाना

ऑफिसचा मजला नव्यानं मांडायला बोलावलेल्या आर्किटेक्टनं आल्या आल्या काही तोडलं नाही, हे त्याच्या बाजूनं आधीच सांगायला हवं. आठवडाभर तो नुसता फिरला. हातात पॅड, पॅडवर छापील तक्ता, तक्त्यात तीन रकाने: काम, गप्पा, रिकामी. दर अर्ध्या तासानं मजल्यावरच्या प्रत्येक खोलीसमोरून जायचं, डोकावायचं आणि एका रकान्यात खूण करायची. कोणती जागा कशासाठी वापरतात हे कळल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही, असा त्याचा नेम होता. माणूस वाईट नव्हता.

मजल्याच्या टोकाला, जिन्यालगत, वाचनखोली होती. जेमतेम दोन खुर्च्या आणि एक टेबल मावेल एवढी. भिंती जाड, दार जुन्या लाकडाचं, आणि दारात डोळ्यांच्या उंचीवर वहीएवढी काच. त्या काचेतून आर्किटेक्टला दोन बायका दिसायच्या, समोरासमोर बसलेल्या. एकीचं तोंड अखंड चालू, दुसरी मान हलवतेय. सकाळी साडेनऊला तेच, अकराला तेच, जेवणानंतरही तेच. आवाज बाहेर येतच नव्हता. त्यानं पाचही दिवस इमानेइतबारे खूण केली: गप्पा.

आता यातली गंमत अशी, की त्या दोघी आठ वर्षांत एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या.

तोंड चालायचं ती टिंबबाई. ही कंपनी औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ती पत्रकं छापायची. त्या कागदावर एक शून्य इकडचं तिकडं झालं तर कुणाच्या तरी घरी रडारड होते, म्हणून नियम होता: एकीनं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं छापील नमुना ओळीमागून ओळ तपासायचा, आणि खाली दोघींनी सह्या करायच्या. दोन सह्यांशिवाय तळमजल्यावरचं यंत्र हलत नसे. टिंबबाई वाचायची म्हणजे सगळं वाचायची. "शून्य पॉइंट पाच मिलिग्रॅम स्वल्प दिवसातून दोनदा स्वल्प जेवणानंतर टिंब." सत्तावीस वर्षं हेच. तिचं खरं नाव ऑफिसात आता कुणाला आठवत नव्हतं. घरीसुद्धा फोन ठेवताना ती चुकून "टिंब" म्हणते असं तिचा नवरा सांगायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

तपासायची ती तिची वहिनी, थोरल्या भावाची बायको. टिंबबाईनंच तिला इथं चिकटवलं होतं. एके काळी दोघी एका ताटात जेवणाऱ्या. मग टिंबबाईची आई आजारी पडली. शेवटचं वर्षभर आईचं हगणंमुतणं सगळं वहिनीनं काढलं. टिंबबाई रविवारी येऊन उशाशी बसायची. आई गेली त्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, टिंबबाईच्या तोंडून निघून गेलं, "हिनं वेळेवर औषध दिलं असतं तर आई आज असती."

वहिनी उठली, स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली वही घेऊन आली आणि टिंबबाईच्या मांडीवर ठेवली. वर्षभरातला एकेक डोस, वेळेसकट, बारीक नीटस अक्षरात. तपासणारीच ती, एक खूण चुकलेली नव्हती. त्या दिवसापासून वहिनीनं बोलणं टाकलं, आणि टिंबबाईनंही "माझं चुकलं" म्हटलं नाही. आधी लाजेनं, मग हट्टानं, आणि मग इतके दिवस झाले आता काय म्हणायचं, म्हणून.

पण सह्या दोन लागत. तेव्हा वहिनी रोज येऊन समोर बसायची. ओळ बरोबर असली की पेन्सिलीनं टेबलावर एकदा टक, चूक असली की दोनदा. एवढ्यावर आठ वर्षं काम चाललं. टिंबबाईला मनातून पक्कं ठाऊक होतं, की वहिनी आपला आवाज ऐकते तो या चार भिंतींत. बाहेर हाक मारली तर ती मानही वळवणार नाही. टिंबबाईचं माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते एवढंच, दोन खुर्च्या आणि एक दार.

महिन्याभरानं सगळ्यांना जमवून आर्किटेक्टनं पडद्यावर नवा नकाशा दाखवला. भिंती गायब. मधोमध तीस माणसांचं एकच लांब टेबल, त्यावर मऊ राखाडी कापड ताणलेलं, पायाखाली गालिचा. एका बाजूला मोठी काचेची खोली, फक्त पाहुण्यांसाठी. "हिचं दार लावलं की आतला आवाज बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही," आर्किटेक्ट अभिमानानं म्हणाला.

"एकत्र बसलं की विचार वाढतात," मॅनेजरनं जोड दिली. वाक्य त्याचं स्वतःचं नव्हतं हे ऐकताक्षणी कळत होतं.

टिंबबाईनं जिन्यालगतचा कोपरा शोधला. तिथं कॉफीचं यंत्र आणि दोन उंच स्टुलं काढली होती.

"आमची खोली कुठाय?"

"तो कोपरा तुमच्यासाठीच केलाय," आर्किटेक्ट अगदी मनापासून म्हणाला. "त्या खोलीत नव्वद टक्के वेळ गप्पा होतात असं निघालं. म्हटलं, मग कोंदट जागेत कशाला? मोकळ्यावर होऊ देत."

सगळे खो खो हसले. त्या दोघींचं सख्य साऱ्या ऑफिसला ठाऊक होतं. टिंबबाईच्या अंगाची लाही लाही झाली.

"साहेब, तिथं आम्ही औषधं वाचतो."

"हो, हो, कामाच्या गप्पाही त्यातच धरल्यात," तो म्हणाला आणि पुढच्या चित्राकडे वळला. मागच्या रांगेत वहिनीचे कान लाल झाले होते.

झालं. भिंती पडल्या, धूळ उडाली, रंगाचा वास आठ दिवस नाकात बसला. सुतारानं वाचनखोलीचं दार बिजागऱ्यांसकट उतरवून जिन्यात टेकवून ठेवलं. येता-जाता टिंबबाई त्याच्याकडे बघायची नाही.

नव्या हॉलमधल्या पहिल्या सोमवारी त्या दोघी लांब टेबलाच्या टोकाला समोरासमोर बसल्या. शेजारी विक्री खात्यातला एकजण कानाला फोन लावून जगाशी बोलत होता. टिंबबाईनं कागद उचलला आणि नेहमीच्या पट्टीत सुरू केलं, "मुलांसाठी तापाचं पातळ औषध टिंब नवी ओळ." वीस माना तिच्याकडे वळल्या. कुणीतरी फिसकन हसलं. पाच मिनिटांत मॅनेजर आला. "जरा हळू, बाई. इथं लोक काम करतात."

लोक काम करतात, आणि आम्ही काय माश्या मारतो? पण तिनं आवाज उतरवला. वहिनीनं कानामागे हात धरला. पेन्सिल टेबलावर आपटत होती, पण त्या मेल्या कापडावर टकचा आवाजच होत नव्हता. टिंबबाई वहिनीच्या मनगटाकडे बघत बघत पुढे सरकत होती. कसाबसा कागद संपला. वहिनीनं सहीसाठी पेन उचललं. टिंबबाईनंही टोपण काढलं, पण जीव थाऱ्यावर नव्हता. तिनं छापील नमुना आपल्याकडे ओढला आणि बोट ठेवून एकेक ओळ स्वतः बघितली.

"सहा तासांच्या आत दुसरा डोस देऊ नये." मूळ मजकुरात ही ओळ होती. तिनं ती वाचलीही होती, तिला आठवत होतं. नेमका तेव्हा शेजारचा गडी फोनवर मोठ्यानं हसला होता. छापील नमुन्यात ती ओळ नव्हती. वहिनीला ऐकूच आलं नव्हतं, आणि आधीच्या ओळीसाठी हललेलं मनगट टिंबबाईनं या ओळीचं धरलं होतं.

टिंबबाईनं ती ओळ हवी होती तिथं बोट ठेवून दोन्ही कागद वहिनीपुढे सरकवले. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. आठ वर्षांपूर्वी भरल्या घरात जे तिच्या माथी मारलं होतं, ते आज खरोखर तिच्या सहीनं झालं असतं. हे टिंबबाईला लख्ख दिसलं. तिनं पेनाला टोपण लावलं.

"मी सही करणार नाही," ती उभी राहून म्हणाली, आता आपल्या खऱ्या आवाजात. "नुसत्या याच नाही, इथं बसून वाचलेल्या एकाही कागदावर नाही."

मॅनेजर धावत आला. त्याच्यामागून आर्किटेक्टही आला. नवी जागा कशी वापरतात ते मोजायला तो पुन्हा तोच तक्ता घेऊन फिरत होता. झाला प्रकार ऐकून मॅनेजरनं सुटकेचा श्वास टाकला. "अहो, चूक सापडली ना? मग झालं की."

"ही सापडली म्हणून कळली. न सापडलेल्या कुठं आहेत ते तुम्ही सांगा."

"बाई, खाली यंत्र थांबलंय."

"थांबू दे. सत्तावीस वर्षांत माझ्या सहीखाली एक टिंब खोटं गेलेलं नाही. मला दार असलेली खोली द्या, नाहीतर मला घरी पाठवा. कापडी टेबलावर बसून मी कुणाच्या लेकराच्या जिवाशी खेळणार नाही."

मॅनेजरचे ओठ पातळ झाले. "ठीक आहे. वाचायला काय, रिसेप्शनवालीही वाचेल. तुम्ही घरी विचार करून या." मग तो वहिनीकडे वळला आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. दोघींचं वाकडं त्यालाही ठाऊक होतं, आणि त्यावरच त्याची भिस्त होती. "तुमचं तर काही म्हणणं नाही ना? ती ओळ घालून घेऊ. तुमची सही झाली की आपण पुढे जाऊ."

फोनवाल्यानंही फोन खाली ठेवला. वहिनीनं आता सही केली तर तिला कोण बोल लावणार? आठ वर्षांचं उट्टं एका सहीत फिटत होतं, आणि तिचा तो हक्कच होता. टिंबबाई खाली गालिच्याकडे बघत राहिली.

वहिनीनं पेन उचललं, न्याहाळलं आणि मॅनेजरच्या हातात दिलं.

"साहेब, वन्सं आणि मी बोलत नाही," ती म्हणाली. आवाज सवय मोडल्यासारखा घोगरा येत होता. "आठ वर्षं झाली. त्यांनी मला जे म्हटलं ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. पण वन्संनी टिंब म्हटलं की तिथं टिंब असतं. दुसऱ्या कुणी वाचलेल्यावर माझी सही मिळणार नाही. आणि या बाजारात त्यांनी वाचलेल्यावरसुद्धा मिळणार नाही."

वन्सं. आठ वर्षांत ही हाक टिंबबाईच्या कानावर पडली नव्हती. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत.

"एक मिनिट," आर्किटेक्ट पुढे आला. "तुम्ही एकमेकींशी बोलतच नाही? मग त्या खोलीत दिवसभर..."

"काम," वहिनी म्हणाली. "जे तुम्ही काचेतून बघत होतात ते काम होतं. दार ढकलून एकदा विचारलं असतंत तर कळलं असतं."

तो बिचारा हातातल्या तक्त्याकडे बघत राहिला. वहिनीनं कागद गोळा केले, पेन्सिल कानामागे खोचली आणि ती चालू पडली, थेट काचेच्या खोलीकडे. टिंबबाई तिच्यामागे निघाली.

"अहो, ती पाहुण्यांची खोली आहे," मॅनेजर मागून म्हणाला.

टिंबबाई दारात वळली. "मग पाहुण्यांना लांब टेबलावर बसवा. एकत्र बसलं की विचार वाढतात म्हणे." आणि तिनं दार लावून घेतलं.

आर्किटेक्ट खोटं बोलला नव्हता. बाहेरचा गलका सुरी फिरवल्यासारखा थांबला. आतलं टेबल साध्या लाकडाचं होतं. वहिनीनं पेन्सिलीनं एकदा वाजवून बघितलं. टक. टिंबबाईनं पहिल्यापासून सुरुवात केली. तीन ओळी झाल्या, तीन टक झाल्या. चौथी ओळ होती, "औषध ठरलेल्या वेळीच द्यावे टिंब." टक. टिंबबाई पुढे गेलीच नाही.

"वहिनी, तू वेळेवरच दिलं होतंस," ती म्हणाली. "एकेक डोस. वही उघडली तेव्हाच मला कळलं होतं."

वहिनीचं बोट ओळीवरच होतं. तिनं मान वर केली नाही. "हे मजकुरात नाही."

"नाही. हे माझं आहे. माझं चुकलं."

वहिनीनं पेन्सिल खाली ठेवली. "एवढी एक ओळ वाचायला आठ वर्षं लावलीत, वन्सं," ती म्हणाली. "आता सगळं बोला. त्या दिवशी का म्हणालात ते सांगा. मी ऐकतेय."

बाहेर आर्किटेक्ट मॅनेजरला समजावत होता, की चूक तक्त्याची आहे, जिन्यालगतची खोली तो पुन्हा उभी करून देईल, दार अजून जिन्यातच आहे. मॅनेजरनं कपाळाला हात लावला, पण यंत्र थांबलेलं होतं, तेव्हा हो म्हणण्यावाचून इलाज नव्हता. अर्ध्या तासानं आर्किटेक्ट फेरीसाठी काचेच्या खोलीसमोर आला आणि आत डोकावला. दोघी समोरासमोर बसल्या होत्या. एकीचं तोंड अखंड चालू होतं, दुसरी मान हलवत होती.

या वेळी चूक नको म्हणून त्यानं दोनदा बघितलं आणि जपून, कामाच्या रकान्यात खूण केली. आत चौथ्या ओळीपुढे एक अक्षरही वाचून झालं नव्हतं.