पत्र्याच्या पोटातलं मत

मी एक जुनी मतपेटी आहे, मित्रांनो. मुळात रॉकेलचा डबा. नंदाखालजवळच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या लॉरेन्स सरांनी माझ्या झाकणाला चीर पाडली, हिरवा रंग दिला आणि मी शाळेच्या अभिरूप विधानसभेत दाखल झाले. वर्षातून एक दिवस नववीची मुलं आमदार होत, विधेयकं मांडत, तावातावाने भांडत. मत हात वर करून द्यायचं. पण १९८४ साली सर म्हणाले, "यंदा मत गुप्त." प्रत्येकाच्या मुठीत एक चिंचोका आणि एक वालाचा दाणा. चिंचोका म्हणजे होय, वाल म्हणजे नाही. एक माझ्यात टाकायचा, दुसरा मुठीतच ठेवायचा. मला केवढा अभिमान वाटला!

विधेयक होतं, गावच्या विहिरींचं पाणी टँकरने बाहेर विकायला बंदी. सभागृहात डेल्फिन होती. तिच्या वडिलांच्या, एडवर्ड यांच्या, विहिरीवर रोज दोन टँकर भरत. पालकांच्या पहिल्याच बाकावर ते बसले होते.

"माननीय सदस्या डेल्फिन आज गप्प का?" विनी नावाच्या पोराने चिमटा काढला. "टँकरवाल्यांचा हुकूम आहे वाटतं!"

सगळे खिदळले. अध्यक्ष झालेल्या फेबियनने घंटी बडवली. "घरचं इथे आणू नका!"

डेल्फिन उठली. "अध्यक्ष महोदय, आमच्या विहिरीचं पाणी आता मचूळ लागतं. पण माझी पुस्तकं त्याच पाण्यातून आलीत." एवढंच बोलून ती वडिलांकडे न पाहता बसली.

मतदान सुरू झालं. विनीचा चिंचोका माझ्या तळावर पडला, टण्! पुढच्या मुलाचा वाल नुसता टिक वाजला.

"हा नाहीवाला!" कुणीतरी कुजबुजलं.

माझा पत्रा गार पडला. गुप्त मत मीच चव्हाट्यावर मांडत होते, आणि मला गप्प राहता येत नव्हतं. सर दाराशी पाहुण्यांना बसवत होते, त्यांना पत्ताच नाही. डेल्फिन आली तेव्हा सभागृहाने कान टवकारले. तिची बोटं माझ्या चिरेवर येऊन अडली. तिनेही ते आवाज ऐकले होते.

एवढ्यात एडवर्डना खोकल्याची जबर उबळ आली. त्यांच्या हिसक्याने बाक करकरला, सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"पाणी आणा कुणीतरी!" फेबियन ओरडला.

"विहिरीचं की टँकरचं?" विनी म्हणालाच.

त्या गलक्यात तिचं मत माझ्या पोटात पडलं. कुणालाच ऐकू गेलं नाही. खोकणाऱ्यालाही नाही. पाणी आलं तोवर खोकला पार थांबला होता.

विधेयक एका मताने मंजूर झालं.

"पप्पा, मी..." निघताना डेल्फिन म्हणाली.

"राहू दे," ते म्हणाले. "चल, आई वाट बघत असेल."

दुसऱ्या दिवशी त्या आवाजांचं कळल्यावर सरांनी माझ्या तळाला जुन्या चादरीचा तुकडा चिकटवला. आता तो कसरीने खाल्लाय, आणि मी कपाटावर मोडके खडू सांभाळत बसले आहे. मित्रांनो, मला रंग नको, कौतुक नको. पण कधी मतदानासाठी खाली काढलंत, तर आधी तळाला जाड फडकं घाला. कुणाच्या वडिलांवर खोकायची पाळी येऊ नये.