साहेबांची सही

१९४४ साली माझ्या दादाला शौर्यपदक मिळालं. भर गोळीबारात त्याने जखमी साहेबांना पाठीवर घालून दोन मैल आणलं होतं. सत्काराला सगळे डोळे पुसत होते.

घरी आल्यावर मी विचारलं, "दादा, भीती नाही वाटली?"

"वाटली की! लग्नाची तारीख दोनदा हुकली होती. तिसऱ्यांदा हुकली असती, तर सासऱ्यांनी पोरगी दुसऱ्याला दिली असती. माझ्या रजेच्या अर्जावर साहेबांचीच सही राहिली होती."

"आणि सही आधीच झाली असती तर?"

"विचार केला असता."

साहेबांनी इस्पितळातून डाव्या हाताने सही केली. लग्नाला ते कुबड्या घेऊन आले आणि सगळ्यांत जास्त जेवले. आता दोघेही नाहीत. वहिनीने पदक बटणांच्या डब्यात टाकलंय. भिंतीवर चौकटीत आहे तो अर्ज.