काजवालीचा चहा

मी एक जुनी किटली आहे. माझं झाकण सैल झालं आहे, पण मित्रांनो, चहा मी अजूनही एक थेंब न सांडता ओतते!

पत्रा ठोकून ठोकून मला घडवलं. पुढे बरेच महिने मी दुकानात धूळ खात पडले. मग शिलाईच्या कारखान्यात काम करायला परदेशातून आलेल्या बायकांनी मला विकत घेतलं. त्यांच्या दाटीवाटीच्या खोलीत माझा मान मोठा! दुपारच्या सुट्टीत तर मी कारखान्यातही जायची.

शर्टांना काजं करणारीला सगळ्या काजवाली म्हणत. तिची जीभ कात्रीहून तेज. रोज ती एक गोळी घ्यायची. कुणी विचारलं, की म्हणायची, "तरुण दिसायचं औषध आहे. तुम्हाला नाही देणार!"

एकदा कारखान्यात सगळ्यांचं रक्त तपासलं. कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही. पुढच्याच आठवड्यात, चहा चालू असताना, सुपरवायझर काजवालीकडे बोट दाखवून सगळ्यांदेखत ओरडला, "हिला एचआयव्ही आहे! उद्या सामान बांध आणि आपल्या देशात चालती हो!"

कॉलर शिवणारीने हळूच आपला कप मागे ओढला. मित्रांनो, त्या दिवशी माझ्या पोटातला चहा तसाच गार झाला.

काजवाली रडली, पण रडत बसली नाही. संध्याकाळी ती दवाखान्यातल्या नर्सताईंना आणि कामगार संघटनेच्या वकीलबाईंना खोलीवर घेऊन आली.

"एका कपातून चहा प्यायल्याने हा विषाणू पसरत नाही," नर्सताई म्हणाल्या. "आणि रोज औषध घेऊन ही ठणठणीत आहे."

वकीलबाई म्हणाल्या, "न विचारता तपासायचं, चारचौघांत सांगायचं आणि वर कामावरून काढायचं, यातलं काहीच कायद्यात बसत नाही. परदेशी कामगार असली म्हणून काय झालं?"

कॉलरवाली ओशाळली. जवळ येऊन म्हणाली, "तुझ्या कपातला एक घोट दे ना गं."

"का? माझा जास्त गोड लागतो?" काजवाली म्हणाली, आणि दोघी हसता हसता रडल्या.

सकाळी सगळ्या हाताची घडी घालून बसल्या, एकही मशीन सुरू झालं नाही. मालक धावत आला. वकीलबाईंनी त्याला कायदा समजावला, तरी तो कां-कू करत होता. तेव्हा कॉलरवाली म्हणाली, "ही गेली तर काजं कोण करणार? आणि काजं नसतील तर बटणं काय तुमच्या नाकाला लावायची?"

सगळा कारखाना खो-खो हसला. मालकालाही हसू आवरेना. काजवालीची नोकरी टिकली, दवाखान्यात जायला भरपगारी सुट्टी मिळाली, आणि सुपरवायझरला सगळ्यांसमोर तिची माफी मागावी लागली. त्या संध्याकाळी मला पुन्हा पुन्हा चुलीवर चढवलं. खोलीत नाचायला जागा नव्हती, तरी सगळ्या नाचल्या!

मित्रांनो, तुमच्याही शेजारी कुणी दूरवरून पोटासाठी आलेलं असेल. त्याला सरकून जागा द्या, त्याचं नाव विचारा, गाणं येत असेल तर म्हणायला लावा. आजार मात्र विचारू नका. तो सांगायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं.