सात वर्षांचा जबडा

दचकू नका, मित्रांनो. मी नुसताच जबडा असलो, तरी कुणाला चावत नाही. मी पांढऱ्या प्लास्टरचा आहे आणि दातांच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात, काचेच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर राहतो. माझ्या बुडाला पेन्सिलीनं एक तारीख लिहिली आहे. त्या दिवशी एका मुलीचे दात जसे होते, तसा मी आहे. ती वाढत गेली. मी मात्र सातच वर्षांचा राहिलो.

तिची आई तिला बबडी म्हणायची. माझा जन्म झाला तेव्हा बबडी मोठ्या खुर्चीत पाय हलवत बसली होती. डॉक्टरबाईंनी गुलाबी, थंडगार लगदा तिच्या तोंडात बसवला. "नाकानं श्वास घे आणि मनात शंभरपर्यंत मोज," त्या म्हणाल्या. बबडीनं डोळे घट्ट मिटून मोजलं. लगदा आळून बाहेर आला, त्यात तिच्या दातांचे खळगे उमटले होते. त्या खळग्यांत पातळ प्लास्टर ओतलं, ते वाळलं, आणि मी झालो. पुढचे नवे मोठे दात, बाजूचे दुधाचे बारके दात, मागच्या नुकत्याच डोकावलेल्या दाढा, सगळं हुबेहूब.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी माझा वरचा भाग खालच्यावर टेकवून आईला दाखवला. "वरचा जबडा म्हणजे डब्याचं झाकण समजा. झाकण बाहेरून बसायला हवं. हिचं एका बाजूनं आत पडतंय. टाळू अरुंद आहे, म्हणून चावताना ही खालचा जबडा डावीकडे सरकवते."

"पण अजून दुधाचे दात आहेत हो तिचे."

"म्हणूनच आत्ता सोपं आहे. तारा आत्ता नाही लावायच्या. त्या बहुतेक मुलांना दहा ते चौदाच्या दरम्यान लावतात, मोठे दात आले की. आत्ता टाळूला फक्त एक प्लेट. त्या प्लेटच्या मधला स्क्रू तुम्ही घरी किल्लीनं थोडा थोडा फिरवायचा, की टाळू हळूहळू रुंद होते. हाड कोवळं आहे, ऐकतं. सातव्या वर्षी एकदा दाखवून जा असं आम्ही म्हणतो, ते यासाठीच."

आईनं दोनदा विचारलं, दुखेल का. तीनदा विचारलं, प्लेट गिळली तर. मग "घरी बोलून सांगते" म्हणाली आणि बबडीला घेऊन गेली.

मी वाट बघू लागलो. दाराजवळच्या टेबलाशी बसून नावं लिहून घेणारी ताई अधूनमधून त्यांना फोन करायची. मला तिची एकच बाजू ऐकू यायची. "परीक्षा आहे का? बरं, सुट्टीत या... अहो, सुट्टी संपली की..." पुढे तो नंबरच लागेना.

शेजारचे जबडे मात्र खाली उतरत. डॉक्टरबाई त्यांना हातात घेऊन मुलांना समजावत, तेवढ्या ऐकण्यावर मला तारांची सारी विद्या पाठ झाली. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दातांवर बारीक चौकटी चिकटवून त्यांतून तार ओवतात. तार सरळ व्हायला बघते आणि दाताला हळूच ढकलते. दात सरकतो तिकडचं हाड विरतं, मागे नवं भरतं. म्हणून घाई चालत नाही. दर महिन्या-दीड महिन्यानं यायचं, असं दीड-दोन वर्षं. नंतर दात पुन्हा जुन्या जागी पळू नयेत म्हणून त्यांना धरून ठेवणारी वेगळी प्लेट घालायची.

एवढं कळून मी काय करणार होतो? कुठेतरी बबडीचं हाड दिवसेंदिवस पक्कं होत होतं, आणि मी धूळ खात बसलो होतो.

सात वर्षांनी ती आली. उंच झाली होती. बोलताना हनुवटीवर हात ठेवायची. हात काढला तेव्हा दिसलं, हनुवटी डावीकडे झुकली होती.

डॉक्टरबाईंनी काही विचारायच्या आधीच आई बोलू लागली. "मला वाटायचं, झोपेत तोंड एका कुशीवर दाबलं जातं म्हणून होतंय. तीन उशा बदलल्या. झोपली की रोज हिला उजव्या कुशीवर वळवायचे."

"अजून रस्ता ओलांडताना माझा हात धरते, डॉक्टर," बबडी म्हणाली. "चौदाची आहे मी."

"आणि तेव्हाची प्लेट?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हिची आत्या म्हणाली, पडणाऱ्या दातांसाठी कशाला पोरीच्या तोंडात लोखंड? सगळे पडू देत, मग एकदाच काय ते कर." आईनं बबडीची वेणी सरळ केली. "तिचं तरी काय चुकलं? मलाच ते पटवून घ्यायचं होतं. माझ्या हातून स्क्रू जास्त फिरला असता तर?"

डॉक्टरबाईंनी बबडीच्या तोंडात आरसा घालून बराच वेळ पाहिलं. "टाळू रुंद करायला आता जास्त जोर लावावा लागेल. मग तारा, दोन वर्षं. दात रांगेत येतील. हनुवटी मात्र तारांनी सरकायची नाही. तिची वाढ पुरती झाली की बघू. कदाचित शस्त्रक्रिया लागेल."

"तीच प्लेट आता लावली तर? मी फिरवीन ना स्क्रू. रोज फिरवीन, न चुकता."

डॉक्टरबाईंनी नकारार्थी मान हलवली. "त्या प्लेटचं ऐकेल इतकं हाड आता कोवळं नाही." मग मला खाली काढून, पुसून बबडीच्या हातात दिलं.

"ही मी?" तिनं माझ्या आत पडलेल्या बाजूवरून बोट फिरवलं. "मला तेव्हा कळायचं गं आई. दात नीट बसायचेच नाहीत. वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू आधीच किती घाबरायचीस."

 आईनं पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

त्या दिवशी बबडीचं नवं माप घेतलं. आता माझ्या शेजारी एक चौदा वर्षांचा जबडा आहे. आम्ही दोघं एकाच मुलीचे. दोघांची वाकडी बाजू तीच, आणि दोघांनाही ती एवढीसुद्धा हलवता येत नाही.

मित्रांनो, प्लास्टरच्या जबड्यात सगळे दात असतात, फक्त जीभ नसते. तुम्हाला आहे. घास एकाच बाजूला चावला जात असेल, दात टेकवताना हनुवटी सरकत असेल, तर आजच आईला सांगा. ती घाबरेल. तरी सांगा.